‘झाली’ म्हटल्यावर उठणार कोण?

धाकट्याला घेऊन दवाखान्यातून घरी आले तेव्हा पुण्यात पावसाने मुक्काम ठोकला होता, आणि निघताना डॉक्टरांनी एकच गोष्ट दोनदा बजावली होती: शूवर लक्ष ठेवा. अंगावर पिणाऱ्या बाळाच्या पोटात दूध किती गेलं हे बाहेरून दिसत नाही. खालून किती बाहेर पडतंय, एवढंच आपल्याला मोजता येतं. पहिले काही दिवस हिशेब थोडका असतो, पण बाळ आठवड्याचं झालं की चोवीस तासांत निदान ६ वेळा तरी लंगोट ओला व्हायला हवा. झालं, घरादाराला उद्योग मिळाला. सासूबाई दुपटं चाचपून ‘केली गं बाई!’ अशी ललकारी द्यायच्या. नवरा मोबाइलमध्ये वेळ टाकून ठेवायचा. मालिशवाल्या मावशींच्या पदरावर धाकट्याने एकदा नेम धरून धार सोडली, तर त्या रागवायच्या सोडून ‘पाऊसपाणी बरं झालं बघा औंदा’ म्हणत हसत बसल्या. संध्याकाळपर्यंत सहाचा आकडा पार झाला की मलाही हायसं वाटायचं आणि मी त्याला उराशी धरून ‘शहाणं माझं बाळ ते’ म्हणायचे.

हे सगळं थोरली दारात उभी राहून बघत होती. वय वर्षं अडीच. दोन-चार दिवस तिने नुसतं बघितलं. मग एका सकाळी चौकटीला टेकून, आमच्या सगळ्यांकडे नीट बघत, तिने चड्डीत शू केली आणि पायाशी तळं साचेपर्यंत जागची हलली नाही. पुढे काय होतं याची वाट बघत होती.

‘अगं अगं अगं,’ सासूबाई म्हणाल्या, ‘ताई झालीस ना आता तू?’

या मुलीला शी-शू सांगता येत होती. हे मला जरा ठणकावूनच सांगायचंय, कारण त्या पावसाळ्यात बाळ बघायला येणाऱ्या प्रत्येकाचा समज झाला होता की आम्ही तिला काही वळणच लावलेलं नाही. आपल्याकडे हा कार्यक्रम उन्हाळ्यात उरकतात आणि त्यात शहाणपण आहे. एप्रिल-मेमध्ये पोराला नुसत्या बंडीवर घरभर सोडता येतं. घाम येतो म्हणून शू जरा कमी वेळा होते, झालीच तर पुसलेली फरशी बघता बघता वाळते, आणि गॅलरीत टाकलेल्या चड्ड्या चहा होईपर्यंत कडकडीत. शिवाय डायपर काढल्याशिवाय शिकणं सुरूच होत नाही. डायपरच्या आत जी भुकटी असते ती पाणी शोषून त्याचा घट्ट जेल करते, मुलाच्या अंगाला ओल लागतच नाही. मग शू झाली हे त्याला कळावं कशावरून? मोकळं सोडलं की गरम धार मांडीवरून पोटरीवर येते, पोर खेळता खेळता थबकतं आणि खाली वाकून बघतं. ते वाकून बघणं मला फार आवडायचं. हे माझ्यातूनच आलं की काय, असा भाव चेहऱ्यावर.

मे संपता संपता ती स्वतःहून ‘शू आली’ म्हणू लागली होती आणि मी पोट सांभाळत तिच्यामागून मोरीकडे पळत होते. बाळ व्हायच्या अगदी तोंडावर किंवा झाल्या झाल्या हे शिकवायला घेऊ नका, असं डॉक्टर सांगतात. म्हणून तर आधी उरकून घेतलं होतं.

मोठं मूल दुसऱ्याच्या जन्मानंतर मागे जातं, हे कुठलाही बालरोगतज्ज्ञ सांगेल. बोलतं मूल बोबडं होतं, बाटली सुटलेलं बाटली मागतं, आणि चड्ड्या ओल्या होऊ लागतात. त्याला ‘मत्सर’ म्हणून मोकळं व्हायची पद्धत आहे. मला तसं वाटत नाही. आमची पोरगी शांत डोक्याने हिशेब करत होती आणि तिचा हिशेब चोख होता. या घरात जो ओलं करतो त्याच्याकडे चार माणसं धावतात, त्याला कोमट पाण्याने पुसतात, मऊ कपड्यात गुंडाळतात, मांडीवर घेतात आणि वर शहाणा म्हणतात. जी उठून मोरीत जाऊन बसते तिला ‘हं, छान’ म्हणतात, तेही दुसरीकडे बघत. अडीच वर्षांच्या माणसाने यावरून काय समजायचं?

आणि ते ‘ताई झालीस’! बाळंतिणीला भेटायला येणारं प्रत्येक माणूस हातातली पिशवी खाली ठेवायच्या आत हे वाक्य म्हणतं. त्यामागोमाग ताईने काय काय करायचं नाही याची यादी येते. ताई रडत नाही, ताई हट्ट करत नाही, ताई कडेवर बसत नाही, ताई चड्डीत शू करत नाही. पदोन्नती झाली आणि पगार कापला, अशातली गत. पुढे पुढे तर कोणी नुसतं ‘ताई’ म्हटलं तरी ती दोन्ही हातांनी कान झाकून घ्यायची.

एका दुपारी धाकटा झोपला होता आणि मीही त्याच्या कडेला डुलक्या काढत होते. डोळे उघडले तर थोरलीने कपाटातून त्याचं एक दुपटं ओढून काढलेलं, ते जमिनीवर अंथरलेलं. चारही टोकं नीट ओढून, सासूबाई अंथरतात तसं. त्यावर ती उताणी झोपली, चड्डी काढून बाजूला टाकली आणि दोन्ही पाय वर उचलून छताकडे बघत म्हणाली, ‘मला पण बांध.’ त्याचे बंदांचे तिकोनी लंगोट तिच्या कमरेला पुरेनात. शेवटी माझी एक जुनी सुती ओढणी घेतली, तिची त्रिकोणी घडी केली आणि पोटावर गाठ मारून दिली. मग तिने हात पुढे केले. मी उचललं. टाके ओढत होते, पण उचललं. ती चक्क ‘ट्यँऽऽ’ करून रडली, मी ‘अले अले’ केलं, ‘किती छान शू केली माझ्या बाळाने’ असंही म्हटलं. थोड्या वेळाने तिलाच कंटाळा आला. गाठ पुढ्यात असल्यामुळे खाली वाकता येईना, आणि बिस्किटाचा डबा खालच्या फळीवर होता. तिने ओढणी ओढून काढली आणि नागडीच स्वयंपाकघरात गेली.

यानंतर ती सुधारली, असं लिहायला मला आवडलं असतं. पण दुसऱ्या दिवशी तिने सोफ्यावर केली.

सासूबाई वाईच्या. त्यांच्या मते हा सगळा प्रश्नच आमच्या पिढीने तयार केला आहे. त्यांच्या वेळी मूल मान धरायला लागलं की त्याला पायावर घेत. पाटावर बसायचं, पाय समोर सरळ सोडायचे, घोट्यांमधल्या खळग्यात बाळाचं बूड टेकवायचं, त्याची पाठ आपल्या नडग्यांना, खाली वर्तमानपत्राचा कागद. आणि तोंडाने सारखं ‘शूऽऽ, शूऽऽ’. दूध पिऊन झाल्यावर एकदा, झोपून उठल्यावर एकदा. वर्षाचं होईपर्यंत मूल पायावर बसवलं की करतं आणि एरवी कोरडं राहतं, असं त्यांचं म्हणणं. ‘तुमच्या हगीजांनी वाट लावली,’ हा निष्कर्ष.

पूर्वी मी असल्या बोलण्याकडे काणाडोळा केला असता. पण रात्री पाजताना एक हात मोकळा असतो आणि त्या हातात मोबाइल असतो, त्यामुळे बाळंतीण बाई नको तितकं वाचते. पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावरच्या डिगो लोकांच्या बालसंगोपनावर १९७७ साली ‘पीडियाट्रिक्स’ या अमेरिकी वैद्यकीय नियतकालिकात एक लेख आला होता. डिगो आया मूल काही आठवड्यांचं असतानाच सुरुवात करतात. जमिनीवर बसतात, पाय सरळ पुढे सोडतात, बाळाला पायांच्या मध्ये पाठमोरं धरतात आणि तोंडाने ‘शूस’ असा आवाज काढतात. पाच-सहा महिन्यांत मुलं त्या आवाजाला प्रतिसाद देऊ लागतात. मी हे सासूबाईंना सकाळी चहाबरोबर वाचून दाखवलं. हजारो मैलांवर कुणी बाई अगदी आपल्यासारखी बसते याचं त्यांना नवल वगैरे वाटलं नाही. ‘मग दुसरं कसं बसणार?’ एवढंच म्हणाल्या.

याच्या उलट मताचे आधारस्तंभ म्हणजे टी. बेरी ब्रेझल्टन हे अमेरिकी बालरोगतज्ज्ञ. १९६२ साली, त्याच नियतकालिकात, त्यांनी आपल्याकडे येणाऱ्या १,१७० मुलांचा अनुभव मांडला. घाई करू नका, जबरदस्ती करू नका, मूल स्वतः तयार झाल्याच्या खुणा दिसू द्या, मग सुरू करा. त्यांची मुलं दिवसा कोरडी राहायला लागली ती सरासरी साडेअठ्ठावीस महिन्यांची असताना. आज आपले डॉक्टर ‘रेडी झाली की करेल’ म्हणतात त्याचं मूळ तिथे आहे. त्याआधी मुलांना रागवून, मारून, तासन्‌तास बसवून ठेवून शिकवत, ते थांबवण्यात या माणसाचा मोठा वाटा आहे. पुढे हेच डॉक्टर मोठ्या मुलांच्या डायपरच्या जाहिरातीत झळकले. त्यामुळे त्यांचं म्हणणं खोटं ठरत नाही, पण सासूबाईंना ही माहिती पुरवल्यावर त्यांच्या चेहऱ्यावर जे समाधान पसरलं ते बघण्यासारखं होतं.

मला विचाराल तर पायावर बसवण्याच्या पद्धतीत आधी शिकतं ते मोठं माणूस. बाळ कधी कण्हतं, कधी स्तब्ध होतं, दूध प्यायल्यावर किती वेळाने त्याचे कान लाल होतात, हे कुणाला तरी दिवसभर वाचत बसावं लागतं. सासूबाईंच्या सासरी ते वाचायला माणसं होती. आजेसासूबाई होत्या, माहेरी परतलेल्या एक आत्या होत्या, दोन जावा होत्या. खाली शहाबादी फरशी होती, एक बादली ओतली की काम झालं. सुती लंगोट होते, म्हणजे ओलं झालं की लगेच बोंब. आमच्याकडे तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्या आणि एक हॉल, हॉलमध्ये कापडी सोफा, पावसात न वाळणारी दुपटी पंख्याखाली दोरीवर, आणि माणसं मोजून तीन: मी, नवरा, आणि गुडघे दुखणाऱ्या सासूबाई. मूल तयार आहे का, यावर या तज्ज्ञांनी पानंच्या पानं लिहिली आहेत. घर तयार आहे का, यावर फारसं कुणी लिहिलेलं माझ्या तरी वाचनात आलं नाही.

आता ‘झाली’बद्दल.

मराठी घरात वाढलेल्या माणसाला हे समजावून सांगायची गरज नाही. संडासाचं दार अर्धवट उघडं असतं, आतून गाणं ऐकू येत असतं, मग गाणं थांबतं आणि सगळ्या घराला, वरच्या-खालच्या मजल्यांनाही, ऐकू जाईल अशी हाळी येते: ‘आईऽऽऽ, झालीऽऽऽ!’ या हाळीत विनंती नसते. हातातलं काम टाकून, मग, लाटण्यावर पोळी असो नाहीतर दारात पाहुणा असो, कुणीतरी उठून धुवायला जायचं असतं. आणि ते कुणीतरी म्हणजे आई, हे हाळीतच ठरलेलं असतं.

माझ्या मांडीवर धाकटा असायचा. अंगावर पिणारं नवं बाळ दिवसातून दहा-बारा वेळा पितं, एकेका वेळी अर्धा-पाऊण तास सहज जातो, म्हणजे दिवसातला मोठा भाग मी खुर्चीला खिळलेली. थोरलीची शी नेमकी तेव्हाच यायची. योगायोग नव्हता तो. मी उठू शकत नाही हे तिला माहीत होतं आणि उठते का ते तिला बघायचं होतं. सुरुवातीला मी उठायचे. बाळाला तसंच तोंडाशी धरून, एका हाताने मग भरून, कमोडवर बसलेल्या पोरीला पुढे वाकवून धुण्याची कसरत मी केली आहे. त्यात धाकट्याचं तोंड सुटायचं, तो किंचाळायचा, थोरली दचकायची आणि मी दोघांवर ओरडायचे. माझं बघून सासूबाई गुडघ्यांवर हात टेकून उठायच्या, ‘मी आले, मी आले’ म्हणत. आणि हे चाललेलं असताना माझा नवरा आतल्या खोलीत, दार लोटून, कानात हेडफोन घालून मीटिंगमध्ये असायचा.

तो काही वाईट माणूस नाही. भाजी आणतो, रात्री बाळाला खांद्यावर घेऊन ढेकर काढतो. पण धुणं त्याच्या खात्यात आलंच नव्हतं. आपला कायदाही हे खातं कुणाचं ते स्पष्ट सांगतो. २०१७ च्या दुरुस्तीनंतर पहिल्या दोन बाळंतपणांना आईला २६ आठवड्यांची पगारी रजा आहे. केंद्र सरकारच्या नोकरीत बापाला १५ दिवस मिळतात. खासगी नोकरीत बापासाठी कायदाच नाही, कंपनीची मर्जी. माझ्या नवऱ्याला मिळाली ती रजा दवाखाना, जन्मनोंदणी आणि औषधांच्या फेऱ्यांत संपली. बाळाला आई लागतेच, दूध तिच्याकडे असतं. पण ज्या मुलाला आई लागत नाही, फक्त दोन मोकळे हात लागतात, त्याचं काय करायचं याचा विचार रजा ठरवणाऱ्यांनी केलेला दिसत नाही.

एका संध्याकाळी हाळी आली आणि मी जागची हलले नाही. सासूबाई उठायला लागल्या तर त्यांनाही हाताने थांबवलं. नवऱ्याच्या खोलीचं दार पायाने ढकललं आणि म्हटलं, ‘झाली म्हणतेय.’ त्याने माइक बंद केला. ‘कुणाला म्हणतेय?’ ‘घराला.’

पहिल्या दिवशी तिने त्याला आत येऊ दिलं नाही. ‘बाबा नको, आई पाहिजे.’ दुसऱ्या दिवशी बाबाचा हात गार आहे अशी तक्रार आली. मग त्याने कोमट पाण्याचा मग आधी भरून ठेवायची पद्धत काढली. जेटचा फवारा तिला आवडत नाही हे मला सहा महिने माहीत होतं, त्याला तेव्हा कळलं. मुलीला धुताना हात पुढून मागे न्यायचा, मागून पुढे नाही, नाहीतर शीतले जंतू लघवीच्या जागेला लागतात, हे मी त्याला दाराबाहेरून सांगितलं. त्याने ते ऑफिसात एखादी सूचना ऐकावी तसं मान हलवून ऐकलं. सासूबाई या काळात अस्वस्थ होत्या. काही बोलल्या नाहीत, पण मुलगा नातीची शी धुतोय आणि आपण बसून आहोत हे दृश्य त्यांना पचत नव्हतं. सासऱ्यांनी हे कधी केलं नव्हतं, त्यांच्या मुलांनी तसं कधी मागितलंही नव्हतं. एकदा न राहवून त्या म्हणाल्याच, ‘तू राहू दे रे, मीटिंग आहे ना तुझी.’ तो आतून म्हणाला, ‘म्यूटवर आहे.’

काही दिवसांत हाळीत बदल झाला. ‘बाबाऽऽऽ, झालीऽऽऽ!’ मला बरं वाटलं, आणि खरं सांगायचं तर थोडं खुपलंही. त्याच सुमाराला चड्ड्या कोरड्या राहायला लागल्या. बाबा धुतो तेव्हा त्याच्या मांडीवर दुसरं कुणी नसतं, मोबाइल आत राहिलेला असतो, तो संडासाच्या उंबऱ्यावर बसतो आणि तिचं गाणं पुरं ऐकतो. घरातली एवढी एक जागा तिच्या एकटीची होती. धाकट्याला अजून तिथे प्रवेश नव्हता.

शीचं रेंगाळलेलं प्रकरण मात्र एवढ्याने सुटलं नाही. शू मोरीत, शीही कधी कधी कमोडवर, पण बऱ्याचदा शी आली की ती पडद्यामागे जाऊन उभी राहायची, पडदा मुठीत धरून, टाचा उंचावून. डायपर बांधला की तिथेच उभ्याने करायची. पावसाळ्यात तेही थांबलं, तीन-तीन दिवस शी नाही. घरच्यांना वाटलं हट्ट. डॉक्टरांनी कागदावर आतडं काढून दाखवलं. एकदा शी कडक झाली आणि दुखलं की मूल पुढच्या वेळी आवळून धरतं. धरून ठेवलेल्या शीमधलं पाणी आतडं शोषत राहतं, ती आणखी कडक आणि मोठी होते, पुढच्या वेळी आणखी दुखतं. फार दिवस चाललं की शेवटचा भाग ताणून सैल होतो, शी आल्याचं मुलाला कळतच नाही, आणि कडक खड्याच्या कडेने पातळ शी चड्डीत झिरपते. त्याला आपण जुलाब समजतो किंवा खोडी समजून फटका देतो. टाचा उंचावून, पाय आवळून उभं राहणं म्हणजे शी करायचा जोर नव्हे, रोखून धरायचा. मी कित्येकदा ते बघून ‘कर, कर, येतेय’ म्हणाले होते.

त्यांनी शी मऊ ठेवायचं औषध दिलं, ते कित्येक आठवडे चालू ठेवायला सांगितलं, आणि डायपर मागितला तर मुकाट्याने द्या म्हणाले. आधी मऊ, मग जागा. आणखी एक: कमोडवर बसल्यावर पाय लोंबकळत ठेवू नका, खाली स्टूल द्या, गुडघे कमरेच्या वर यायला हवेत. म्हणजे थोडक्यात, पाश्चात्त्य कमोडवर बसवून उकिडवं करा. सासूबाईंनी देवघरापुढचा जुना पाट काढून दिला, तो दोन विटांवर ठेवला. सोबत त्या रोज रात्री काळ्या मनुका भिजत घालून सकाळी ते पाणी पाजत होत्या. शी सुरळीत झाली तेव्हा श्रेय औषधाचं की मनुकांचं यावर घरात दोन पक्ष पडले. मी पाटाच्या बाजूने आहे.

दोन मुलं डायपरमध्ये असली की कचऱ्याचा डबा पाहवत नाही. पुण्यात घरोघरचा कचरा बहुतेक भागांत ‘स्वच्छ’ या कचरावेचकांच्याच सहकारी संस्थेच्या बायका-पुरुष नेतात. २००८ पासून महापालिकेबरोबर त्यांचं हे काम चालू आहे. वापरलेली पॅड आणि डायपर त्यांना हातांनी वेगळी करावी लागतात, म्हणून त्यांनी शहराला एक साधी विनंती केली: कागदात गुंडाळा आणि वर लाल ठिपका काढा, म्हणजे उघडून बघावं लागणार नाही. २०१६ च्या घनकचरा नियमांनुसार खरं तर डायपरच्या पुड्याबरोबर गुंडाळायचं पाकीटही उत्पादकानेच द्यायला हवं होतं. आमच्या पुड्यांत ते कधी निघालं नाही. तर आमच्याकडे नवरा गुंडाळतो आणि लाल स्केचपेन थोरलीकडे असतं. पहिले काही दिवस तिने ठिपके काढले. मग ठिपक्याला डोळे आले, पाय आले, हल्ली मिशाही असतात. कचरा न्यायला येणाऱ्या ताई एकदा पुडकं हातात धरून बराच वेळ बघत उभ्या राहिल्या. ‘हे कोण?’ म्हणाल्या. ‘बाळ,’ थोरलीने सांगितलं. स्वतःच्या डायपरवर ती काही काढत नाही, नुसता ठिपका.

गणपतीत वाईला गेलो. गाडीत धाकटा, त्याची बॅग, थोरली, आणि मागे डिकीत तिची पॉटी. कात्रज सोडल्यापासून मी दर थांब्याला विचारत होते, शिरवळला चहाला उतरलो तेव्हाही विचारलं, ‘नाही आली.’ खंबाटकी घाटात, पुढे-मागे ट्रक, बाजूला थांबायला जागा नाही, पाऊस भुरभुरतोय, धाकटा माझ्या अंगावर, तेव्हा मागून आवाज आला: ‘बाबा, आली.’ नवऱ्याने आरशातून माझ्याकडे बघितलं. सासूबाई शांतपणे म्हणाल्या, ‘धरून ठेव हं बाळा, घाट उतरला की करू.’ आणि तिने धरली! खाली उतरून गाडी कडेला घेईपर्यंत ती दोन्ही मुठी मांड्यांमध्ये दाबून, ओठ आवळून बसली होती. छत्रीखाली पॉटी मांडली तर म्हणाली, ही नको, गवतात. वाईच्या घरी मोरी, मोरीत दगडी फरशी, तिथे ती उकिडवी बसली आणि पुण्याचा कमोड, पाट, विटा, काही आठवलं नाही. सासूबाईंनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही, इतका त्यांचा विजय पुरा होता.

दिवाळीनंतर प्लेग्रुपचा अर्ज भरला. त्यात एक चौकट होती: ‘टॉयलेट ट्रेन्ड आहे का?’ हो किंवा नाही. मी पेन धरून थोडा वेळ बसले. बाबा धुवायला असला तर हो, घाटात हो, गवतात हो, पाहुणे आले की बहुधा नाही. ‘हो’वर खूण केली. तिथल्या बाईंनी अर्ज वाचला आणि माझ्यादेखत तिला विचारलं, ‘शू आली की कुणाला सांगणार?’ ती म्हणाली, ‘जो मोकळा असेल त्याला.’ हे वाक्य तिने कुठून उचललं ते माझ्या नवऱ्याला विचारा.

रात्रीचं अजून बाकी आहे आणि ते मी बाकीच ठेवलंय. झोपेत शू कमी तयार व्हावी म्हणून मेंदूतून जे संप्रेरक सुटतं ते प्रत्येक मुलात आपापल्या वेळी वाढतं, शिकवून ते येत नाही. पाच वर्षांपर्यंत डॉक्टरही त्याला दुखणं म्हणत नाहीत. त्यामुळे रात्री दोघंही डायपरमध्ये झोपतात, ती लार्जमध्ये, तो मीडियममध्ये. सवलत होती म्हणून नवऱ्याने लार्जचे दोन पुडे जास्तीचे आणून ठेवलेत, हिला लागले नाहीत तर पुढे त्याला होतील या हिशेबाने. सासूबाईंनी ते माळ्यावर ठेवताना पाहिले. धाकटा आता मान धरतो. रोज सकाळी त्याचं दूध झालं की त्या पाट ओढतात, पाय पसरतात आणि खाली कालचा पेपर अंथरतात.

‘लार्ज कशाला लागतंय त्याला?’ म्हणाल्या, ‘परत करून ये.’

दुकानदार घेत नाही म्हणाला.